तीन फुल्या

रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ठाण्याच्या अलीकडचं एक स्टेशन. फलाट संपून उताराने खडीला मिळतो, त्या टोकाशी मी उभी आहे. अंगावर नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, पर्समध्ये परवानगीचा कागद. जानेवारीचा मध्य आहे. मुंबईची थंडी ती काय, पण इतक्या लोखंडाच्या शेजारी उभं राहिलं की पायांना जाणवते.

मुकादम टॉर्च खाली धरतात. "हे बगा ताई. तीन फुल्या."

रुळाच्या उभ्या अंगावर, दोन स्लीपरांच्या मध्ये, लाल रंगाने एकीशेजारी एक अशा तीन फुल्या मारलेल्या आहेत. मी वाकते, चष्मा वर-खाली करते, वरून बघते, बाजूने बघते. काहीच दिसत नाही. वरचा माथा चाकांनी घासून आरशासारखा झालाय, अंग तपकिरी आहे. भेग म्हणावी असा एक ओरखडाही नाही.

"डोळ्याला न्हाई दिसणार," ते म्हणतात. "आत हाय."

परवा या मार्गावरून तपासणीची ट्रॉली ढकलत नेली, तेव्हा ते सापडलं. ट्रॉलीतून पोलादात आवाजाच्या लहरी सोडतात, माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच. लहर तळापर्यंत जाऊन परत आली तर रूळ निरोगी; मध्येच कुठेतरी आपटून लवकर परतली तर आत काहीतरी आहे. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. तीन फुल्या म्हणजे तीन दिवसांत बदला. तोवर त्या जागेला दोन्ही बाजूंनी बाक दिलेल्या जाड फिशप्लेट आवळायच्या आणि गाड्या ताशी 30 किलोमीटरने सोडायच्या. मोटरमनला गाडी हातात घेतानाच कॉशन ऑर्डर मिळते. वाटेत बाराशे मीटर आधी पिवळी पाटी, मग तिकोनी पाटीवर काळ्या अक्षरांत आकडा, आणि संपूर्ण गाडी पुढे गेली की वेग वाढवायची पाटी.

परवापासून या पाटीपुढून मीही चार वेळा गेले आहे. गाडी इथे येऊन हळू होते आणि डब्यात तेच घडतं. दारातल्या बायका बाहेर डोकावतात, कोणीतरी जीभ टाळूला लावून च्च करतं, कोणी घड्याळ बघतं. "आता काय झालं?" मीही तेच म्हणाले होते. मी ज्याला उशीर म्हणत होते ते प्रत्यक्षात काय आहे, हे बघायला मी इथे आले आहे.

शेवटची डाउन धीमी लोकल येते. डब्यांत तुरळक माणसं, खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तीन फुल्यांवरून ती पावलापावलाने जाते. मुकादम चाकाकडे बघत नाहीत, मान जराशी तिरकी करून ऐकतात. लाल दिवा वळणाआड जातो.

मग वाट बघणं. सेक्शन इंजिनिअर वयाने माझ्या मुलाएवढे असतील. ते कानाला फोन लावून उभे आहेत आणि अठरा-वीस माणसं खडीवर उकिडवी बसलीत. कोणी बोलत नाही. पहारी, घमेली, रूळ उचलायचे लांब चिमटे, कापायचं यंत्र, जनरेटर, सगळं रुळापासून दूर ओळीने मांडलेलं. ब्लॉक मिळाल्याशिवाय एक पहारही रुळाला लागत नाही. गाडी येणार नाही हे स्टेशनमास्तरांनी नोंदवून सांगायला हवं, वरच्या तारेतला 25 हजार व्होल्टचा प्रवाह बंद झाला पाहिजे, तारेला अर्थिंगचे दांडे अडकवले पाहिजेत. एक वाजून वीसला मिळायचा ब्लॉक एक वाजून छत्तीसला मिळतो. चार वीसला परत द्यायचा आहे. सोळा मिनिटं इथेच गेली. ती कोणी भरून देणार नाही.

"चला रे!"

दोघं जण लाल बॅनर आणि फटाके घेऊन अंधारात धावतात. रुळावर डबीसारखा फटाका बांधतात. चुकून गाडी आलीच तर चाकाखाली तो फुटतो आणि मोटरमनला कळतं. सहाशे मीटरवर बॅनर, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके. मार्ग बंद आहे हे सर्वांना ठाऊक असूनही हे करायचंच. ही शिस्त ज्याने बसवली त्याने माणसं गमावून बसवली असणार.

मग चाव्या काढतात. रूळ काँक्रीटच्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या वळवलेल्या जाड सळईला इथे चावी म्हणतात आणि रोज रुळातून चालत त्या ठोकत जाणाऱ्याला चावीवाला. हातोड्याचा एक फटका, ठण्, आणि चावी निसटते. ठण्, ठण्, ठण्, माणसं पुढे सरकत जातात. त्याआधी एकाने कापायच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे जाड केबल जोडून घेतली. गाडीची वीज वरून येते आणि रुळातून परत जाते. रूळ तुटला की त्या प्रवाहाला दुसरी वाट हवी.

कापायचं यंत्र सुरू होतं. ठिणग्यांचा झोत खडीवर पडतो. पातं आरपार गेलं, आणि तेवढ्यात मला ते दिसतं, नुसतं जे बघायलाही मी इथवर आले असते. कापलेली फट आपोआप रुंदावते. कोणी ओढत नाही, कोणी ढकलत नाही. दोन्हीकडचा रूळ आपसूक मागे सरतो, ताणलेलं काहीतरी सुटावं तसा.

"थंडीचा आखडलेला असतो तो," मुकादम सांगतात.

इंजिनिअर गणित मांडतात. "मॅडम, एक किलोमीटरचा रूळ मोकळा सोडला आणि तापमान तीस अंशांनी बदललं, तर तो चौतीस सेंटिमीटरने लांब किंवा आखूड होतो. पूर्वी तेरा मीटरचे तुकडे असायचे, मध्ये फट ठेवायची, म्हणून गाडी खडाक-खडाक वाजायची. आता सलग जोडलेला असतो. त्याला हलायला जागाच नाही."

म्हणजे मे महिन्यात तो आतल्या आत फुगायला बघतो आणि जानेवारीच्या पहाटे आखडायला. त्याला जागेवर धरून ठेवतात त्या चाव्या, ते पावणेतीनशे किलोंचे स्लीपर आणि ही खडी. इतकी वर्षं मी खडीला नुसतं भरताड समजत आले. तिचा प्रत्येक कोना दुसऱ्या कोन्यात रुतलेला असतो, म्हणून रूळ सरकत नाही. त्यात माती आणि कचरा भरला की पकड जाते, पाणी तुंबतं. खिडकीतून भिरकावलेली पिशवी इथेच येऊन पडते. आत्ताही चिमट्याने रूळ धरण्याआधी एक तरुण पोरगा वेफर्सची पाकिटं हाताने बाजूला करतोय.

सहा-साडेसहा मीटरचा तुकडा निघतो. मीटरला साठ किलो, म्हणजे चारशे किलोंच्या घरात. "हैश्शा!" बारा जण, सहा चिमटे, एकाच वेळी कंबरेतून उठतात. तीन फुल्यांचा तुकडा खडीच्या कडेला जाऊन पडतो. आता मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते आहे.

दोन वाजून पाच मिनिटं.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे रस्ता आहे. भिंतीला भगदाड पडलंय, त्यातून मला त्याचा एक तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यात एक खड्डा. हा खड्डा मी गणपतीपासून ओळखते. पावसाळ्यात त्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवली होती. दिवाळीत खडी-डांबर टाकून तो बुजवला, महिन्यात परत उघडला. रिक्षावाले सवयीने डावीकडून घेतात, दुचाकीवाले उजवीकडून. या क्षणी एक डंपर येतो, त्यात मागचं चाक आपटतं, धाडकन आवाज होतो, जमीन माझ्या पायांखाली किंचित हलते आणि डंपर निघून जातो.

रस्ता असा चालत राहतो. खड्ड्यासकट, खचलेल्या कडेसकट. त्याचं दुखणं वाहनांमध्ये वाटलं जातं. कोणाचं टायर, कोणाची कंबर, आणि एखाद्या पावसाळी रात्री कोणाचा तरी जीव. पण रस्ता बंद पडत नाही, म्हणून त्याचं काम पुढे ढकलता येतं. रुळावरच्या चाकाला डावीकडून घेता येत नाही. आठ-नऊ टनांचा भार घेतलेलं चाक रुळाला टेकतं ती जागा करंगळीच्या नखाएवढी असते. तेवढ्याशा जागेवरून बारा डबे, गर्दीच्या वेळी चार हजारांवर माणसं, दर तीन-चार मिनिटांनी. तिथे खोट निघाली की दोनच गोष्टी करता येतात: हळू जायचं किंवा थांबायचं.

डंपरचा आवाज ऐकून इंजिनिअर भिंतीकडे बघतात. "त्या रस्त्याला खरं कोण मारतं माहितीये? तुमची-आमची गाडी नाही." मग ते एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगतात. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून रात्रंदिवस ट्रक फिरवले आणि रस्ता किती झिजतो ते मोजलं. निष्कर्ष असा की अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की झीज साधारण सोळापट होते. एक टन अ‍ॅक्सलच्या मोटारीपेक्षा दहा टन अ‍ॅक्सलचा ट्रक दहा हजार पट रस्ता खातो. आपल्याकडे 2018 मध्ये ट्रकच्या चार चाकी अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. मी मनात हिशोब करते. वजन तेरा टक्क्यांनी वाढलं, झीज साठ टक्क्यांनी. रस्ता तोच. हा सगळा खर्च त्या डंपरच्या भाड्यात कुठेही दिसत नाही. रेल्वेला मात्र आपला रूळ आपणच बदलावा लागतो, आणि पैशांपेक्षाही अवघड म्हणजे त्यासाठी वेळ काढावा लागतो. भिंतीपलीकडचा खड्डा भर दुपारी, अर्धा रस्ता चालू ठेवून, दोन माणसं बुजवू शकतात. अर्धा रूळ चालू ठेवता येत नाही.

नवा तुकडा बसतो. दोन्ही टोकांना पंचवीस मिलिमीटरची फट. इंजिनिअर स्वतः गुडघ्यांवर बसून ती मोजतात, परत मोजतात. आता रूळ जोडायचा आहे. फटीभोवती साचा बसवतात, सांधे ओल्या वाळूने लिंपतात. लिंपणारा माणूस पन्नाशीचा, बिहारचा. चुलीला पोतेरं द्यावं तसा त्याचा अंगठा फिरतो. कुठे बारीकशी चीर राहिली तर वितळलेलं पोलाद तिथून बाहेर येईल. बर्नर पेटतो, रुळाची टोकं आधी लाल आणि मग नारिंगी होतात. वर मूस ठेवतात, तिच्यात राखाडी पूड. मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडाचा ऑक्साइड. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये या प्रक्रियेचं पेटंट घेतलं आणि 1899 मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ असे जोडले गेले. सव्वाशे वर्षांनंतरही रात्रीच्या अंधारात, रुळावर बसून, दुसरा याहून सोपा उपाय नाही.

"ताई, मागं व्हा. बघू नका सरळ."

काडी लागते. पांढरा प्रकाश असा उसळतो की पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या, वरच्या तारा, माणसांचे चेहरे क्षणभर दिवसासारखे दिसतात. अडीच हजार अंश. मूस गडगडते, मग तळातून पोलाद साच्यात उतरतं आणि सगळं विझल्यासारखं शांत होतं. फक्त साच्याच्या तोंडाशी लाल गोळा धगधगत राहतो. कोणी हात लावत नाही. काही मिनिटं अशी जाऊ द्यायचीच. घाई केली तर जोड आतून कच्चा राहतो आणि तो कच्चेपणा आणखी दोन वर्षांनी तीन फुल्या होऊन वर येतो.

या थांबण्यात मला बॉस्टन आठवतं. मार्च 2023 मध्ये मी भाचीकडे होते. उत्तर अमेरिकेतला सगळ्यात जुना भुयारी रेल्वेमार्ग त्या शहरात आहे, 1897 चा. 9 मार्चला संध्याकाळी तिथल्या संपूर्ण मेट्रोचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत आणला, काही ठिकाणी त्याहून कितीतरी कमी. तपासणीत असं निघालं होतं की रुळांतले दोष नोंदवल्याच्या आणि दुरुस्त केल्याच्या कागदांचाच मेळ बसत नव्हता. आदल्या वर्षी तिथली ऑरेंज लाइन दुरुस्तीसाठी सलग तीस दिवस बंद ठेवली होती, तरी ही वेळ आली. आम्ही दोघी गाडीत बसलो होतो आणि बाहेरच्या रस्त्यावरून सायकलवाला आमच्या पुढे गेला. भाची म्हणाली, "मावशी, इथे आता सगळ्यांना असंच वाटतं की ही गाडी मुळात हळूच असते." ते वाक्य मला तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं. इथे या साच्याशेजारी उभं असताना त्याची भीती वाटते. एक पाटी लागते, ती काढायला माणसं आणि रात्र मिळत नाही, मग दुसरी लागते. लोक वेळापत्रक सैल करून घेतात आणि हळू जाणं हीच रीत होते. बॉस्टनने शेवटी 2024 चं जवळजवळ वर्षभर एकेक टप्पा पूर्ण बंद ठेवून रूळ बदलले, आणि डिसेंबरात वीस वर्षांहून अधिक काळानंतर तिथे वेगाचं एकही बंधन उरलं नाही. दोन दशकं साठवलेली दुखणी तेवढ्या बंदमध्ये काढावी लागली.

आपल्याकडे रविवारचा मेगाब्लॉक असतो आणि आपण त्याला शिव्या घालतो. मीही घातल्या आहेत, लग्नाला जाताना, परीक्षेच्या केंद्रावर मुलाला नेताना. मे 2024 च्या अखेरीस ठाण्याचा फलाट रुंद करण्यासाठी 63 तासांचा ब्लॉक घेतला, तीन दिवसांत 930 लोकल रद्द झाल्या. तेव्हा किती बोललो आपण! पण आज वाटतं, सणाच्या गर्दीपायी, कोणाच्या मागणीपायी रद्द झालेल्या ब्लॉकबद्दल आपण आनंद मानतो ते चुकतंय. रद्द झालेला ब्लॉक कुठे जात नाही. तो रुळातच राहतो.

"टाइम?" कोणीतरी ओरडतं.

"तीन पंधरा!"

पहिल्या जोडावरचा जास्तीचा लाल लगदा यंत्राने छाटून झालाय, आता घासणी चाललीय. दुसऱ्या टोकाचा साचा फोडायचा आहे. मघाशी उकिडवे बसलेले सगळे आता उभे आहेत, चालतात ते जवळजवळ धावत. चाव्या परत बसवायच्या, खडी दाबायची, केबल काढायची, हत्यारं मोजायची. हो, हत्यारं मोजतात. रुळावर विसरलेला एक पाना पुरेसा असतो. एकाच्या तळहाताला चटका बसलाय. तो पाण्याची बाटली ओततो, फडकं गुंडाळतो आणि पुन्हा पहारीला लागतो. मी काही बोलायला जाते तर हसून म्हणतो, "रोज का है."

इंजिनिअर रुळाच्या माथ्यावर एक मीटरची सरळ पट्टी ठेवतात, खालून टॉर्च मारतात. पट्टी आणि रूळ यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते का ते बघायचं. दिसते, केसाएवढी. "अजून घास." यंत्र परत चालतं. परत पट्टी, परत टॉर्च. जोड एका मिलिमीटरहून जास्त वर आलेला चालत नाही आणि खाली गेलेला तर मुळीच नाही. खाली गेलेल्या जागी प्रत्येक चाक आपटतं, आणि दिवसाला किती चाकं! मघाचा डंपर मला आठवतो, त्याचा तो धाडकन आवाज, आणि तो खड्डा, ज्याच्यावर कोणी कधी पट्टी ठेवली नाही.

चौथ्यांदा रेघ दिसत नाही. इंजिनिअर पट्टी उचलतात, काही न बोलता मुकादमांकडे बघतात, मुकादम मान हलवतात.

चार वाजून सतरा. माणसं रुळातून बाहेर. फोन. अर्थिंगचे दांडे निघतात. तारांमधून बारीक गुणगुण सुरू होते की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. बॅनर आणि फटाके घेऊन गेलेले दोघं अंधारातून परत येतात, तीन तास त्यांनी तिथे एकट्याने काढलेत. चहाची किटली कुठून आली कळत नाही, पण कागदी कपातला तो चहा तोंड भाजेपर्यंत गरम आहे.

"किती वर्षं झाली, दादा?" मी मुकादमांना विचारते.

"एकतीस. परभणीहून आलो तवा गँगमन म्हनायचे." ते कप दोन्ही हातांत धरतात. "घरी म्हनतात, रात्री काय करता तुमी? सांगून काय समजतंय. सकाळी गाडी गेली, एवढंच."

पाचला दहा मिनिटं कमी असताना पहिली डाउन धीमी येते. तिकोनी पाटी अजून तिथेच आहे. नव्या जोडांवरून काही गाड्या गेल्यावर पुन्हा तपासणी होईल, मगच ती निघेल. गाडी पाटीच्या आकड्याला मान देऊन येते. भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका लगेजच्या डब्यात बसल्यात, दारात एक मुलगा कानात वायर घालून उभा आहे. तो बाहेर डोकावतो, आम्हा नारिंगी जाकिटांकडे बघतो, मोबाइलमध्ये वेळ बघतो.

मुकादम मान तिरकी करतात. एक चाक, दुसरं, तिसरं. मीही ऐकायचा प्रयत्न करते. मला काहीच ऐकू येत नाही, गाडीची एकसारखी घरघर तेवढी. त्यांनाही बहुतेक काही ऐकू आलेलं नाही, कारण ते कप चुरगळून जाकिटाच्या खिशात घालतात, खडीवर टाकत नाहीत.

गाडी गेल्यावर ते दोन्हीकडे बघून खाली उतरतात, वाकतात आणि जोडापासून वीतभर अंतरावर रुळाच्या अंगाला तळहात लावतात.

"ऊब हाय अजून," ते म्हणतात, आणि लगेच बाहेर येतात. ठाण्याच्या बाजूने दुसऱ्या मार्गावर दिवा दिसू लागलाय.